डांबरावर गार, पांदणीत लाल: वावरात जाणारी गाडी का तापते

दर्यापूरहून अमरावतीला जाताना पन्नासेक किलोमीटर सलग ऐंशीच्या वेगानं गाडी हाणा, एसी लावा, मागं दोन माणसं बसवा, तापमानाची सुई जागची हलत नाही. तीच गाडी डांबर सोडून पांदणीत, म्हणजे वावराकडं जाणाऱ्या कच्च्या वाटेत, उतरली, की दोन किलोमीटरच्या आत सुई वर सरकायला लागते आणि वावराच्या धुऱ्यापर्यंत पोचेस्तोवर बॉनेटमधून वाफ. पाणी टाका, अर्धा तास थांबा, परत या. आठ दिवसांनी पुन्हा तेच.

माझी ही रड दीड वर्ष चालली. ठिबकच्या कामामुळं मला रोज वावरं फिरावी लागतात. अंजनगाव, अचलपूर, परतवाडा भागातल्या संत्र्याच्या बागा जास्त, कधी मेळघाटच्या पायथ्याशी, कधी वर घाटातही. जुनी डिझेल जीप आहे, फोर बाय फोर, टपावर पाइपची बंडलं. या दीड वर्षात तीन मिस्त्री झाले आणि तिघांनी तीन गोष्टी बदलल्या. एकानं कूलंट, एकानं वॉटर पंप, आणि तिसऱ्यानं थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून फेकूनच दिला. गाडी तापायची ती तापतच राहिली.

परतवाड्याला एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. त्यांच्याकडं गेलो तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. म्हणाले, "काऊन तपते थे मंग पाहू भाऊ. कवा तपते थे सांगा आदी."

का तापते ते नंतर, कधी तापते ते आधी. या एका प्रश्नानं माझं काम झालं. तुमचीही गाडी तापत असेल, तर पाना हातात घ्यायच्या आधी आठ दिवस एका कागदावर लिहून ठेवा: कुठं तापली, वेग किती होता, चढ होता का, एसी चालू होता का, वारा कुठून होता. वाऱ्याचं मी मुद्दाम म्हणतोय, पुढं येईलच.

कवा तपते, त्यावरून काय कळतं

इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या ऊर्जेतला ढोबळमानानं तिसरा हिस्सा चाकांपर्यंत जातो, जवळपास तेवढाच सायलेन्सरमधून निघून जातो, आणि उरलेल्यातला मोठा भाग पाण्यावाटे रेडिएटरला बाहेर टाकावा लागतो. रेडिएटरला त्यासाठी दोन गोष्टी लागतात. आतून पाणी वाहायला हवं आणि बाहेरून हवा. गाडी तापते तेव्हा या दोनपैकी एक अडलेलं असतं.

डांबरावर ऐंशीच्या वेगात समोरून येणारी हवा आपोआप जाळीतून घुसते, तिथं फॅन असला काय नि नसला काय, फारसा फरक पडत नाही. पांदणीत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, वेग आठ-दहा, आणि इंजिनावर ओझं मात्र घाट चढल्यासारखं. तिथं सगळी हवा एकट्या फॅननं ओढायची असते. म्हणून हळू चालताना तापते आणि वेगात गार राहते, तर संशय हवेवर घ्या: जाळी बुजलेली, फॅन कमजोर, फॅनचं कव्हर गायब.

उलट, वेगात किंवा लांब चढाला तापते, हवा भरपूर मिळत असूनही तापते, तर संशय पाण्यावर घ्या. रेडिएटर आतून चोक, पंपाची पाती झिजलेली, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, खालचा होजपाइप नरम पडून आत ओढला जाणारा.

आणि कुठंही, कशीही, सकाळच्या थंडीतसुद्धा तापते, दर दोन दिवसांनी पाणी कमी होतं पण खाली टिपका दिसत नाही, तर हेड गॅस्केटकडं, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगकडं, बघा. सकाळी गार इंजिनावर झाकण काढून गाडी चालू करा. पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावून चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा होजपाइप दगडासारखा टणक झाला, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर गाडी चालवत नेऊच नका, ओढून न्या.

माझा कागद चाचांनी वाचला. आठपैकी सहा वेळा पांदण, दोन वेळा चिखलदऱ्याचा घाट. ते म्हणाले, दोन आजार आहेत, एक नाही. तेव्हा मला वाटलं, हा माणूस बिल वाढवतोय. नव्हता वाढवत.

जाळीतली गोधडी

बाहेरून बघितलं तर माझी जाळी स्वच्छ होती. मी दर रविवारी समोरून पाण्याचा फवारा मारायचो. ज्या गाडीला एसी आहे तिच्यात समोर दिसते ती रेडिएटरची जाळी नसतेच, ती एसीच्या कंडेन्सरची असते, हे मला ठाऊकच नव्हतं. रेडिएटर त्याच्या मागं, दोन-तीन बोटांच्या अंतरावर. चाचांच्या पोऱ्यानं वरचे दोन नट काढले, रेडिएटर थोडा मागं झुकवला आणि मला बोलावलं.

त्या दोन बोटांच्या फटीत एक गोधडी होती. दुसरा शब्द नाही. बोटानं उचकटली तर सलग निघाली, ताटाएवढा तुकडा. त्यात काय काय होतं ते ओळखू येत होतं: कापसाचे तंतू, कुसळं, गाजरगवताचा चुरा, दोन-चार टोळ, उडत्या म्हाताऱ्या, आणि या सगळ्याला धरून ठेवणारी वाळलेली काळी माती. वर्षभराचं वऱ्हाड त्या फटीत थरावर थर साचलं होतं. पावसाळ्यात गारा, म्हणजे चिखल, उडतो तो तिथं बसतो. दिवाळीनंतर कुसळं सुटतात ती त्या ओल्या मातीला चिकटतात. डिसेंबरपासून कापसाच्या गाड्या जिनिंगकडं निघाल्या की रस्त्याच्या दोन्ही काठांना पांढरी किनार लागते, तो कापूस चाकांनी उडून जाळीत. मार्च-एप्रिलच्या उन्हात हे सगळं भाजून घट्ट होतं आणि बरोबर नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक नऊ दिवसांच्या, तोंडावर गाडी वाफ टाकते. मी समोरून फवारा मारायचो तेव्हा कचरा कंडेन्सरमधून मागं ढकलला जायचा आणि फटीत जाऊन बसायचा. म्हणजे दर रविवारी ती गोधडी मी स्वतःच शिवत होतो.

धुण्याची बरोबर पद्धत म्हणजे आतून बाहेर. कचरा ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परत जायला हवा. इंजिन पूर्ण गार झाल्यावर फॅनच्या बाजूनं समोरच्या दिशेनं पाणी मारायचं. काळी माती वाळली की सिमेंट होते, तिला आधी भिजू द्यावं लागतं. साध्या पाण्यानं ओलं करून वीस मिनिटं थांबा, मग धुवा, पुन्हा थांबा. खाली पडणारं पाणी काळ्याचं स्वच्छ होईस्तोवर हे चालू ठेवा. मला तीन फेऱ्या लागल्या.

पाणी मारायला सगळ्यात चांगली वस्तू कास्तकाराच्या घरी असतेच: पाठीवरचा फवारणी पंप. धार बेताची, नळी लांब, वाकडी तिकडी शिरते. पंप आधी तीनदा धुऊन घ्या, आत तणनाशक किंवा औषध राहिलेलं असतं. पण बागेतला एचटीपी, म्हणजे मोठ्या दाबाचा फवारणी पंप, जाळीवर लावू नका. माझ्या एका गिऱ्हाइकानं उत्साहात लावला. ॲल्युमिनियमच्या त्या पातळ पापुद्र्या एका झटक्यात आडव्या झाल्या, जाळीचा पत्रा झाला. वाकलेल्या पापुद्र्या जुन्या टूथब्रशच्या दांड्यानं किंवा पातळ काडीनं एकेक करून सरळ होतात, पण त्यात अख्खी दुपार जाते आणि मान अवघडते ती वेगळीच. सर्व्हिसिंग सेंटरवरच्या प्रेशर वॉशरचंही तेच. लांबून, सरळ रेषेत आणि हलक्या हातानं मारणारा पोऱ्या मिळाला तर ठीक.

कुसळांसाठी काही जण समोर मच्छरदाणीची जाळी बांधतात. कल्पना चांगली आहे, पण मच्छरदाणीची वीण फार बारीक, हवा अडते आणि दोन तासांत ती स्वतःच बुजते. बांधायचीच तर मोठ्या छिद्रांची बांधा, फक्त गवतातून जाताना, आणि दर थांब्याला हातानं झटका. डांबरावर आलात की सोडून ठेवा. समोर लावलेले जादा दिवे, मोठी नंबरप्लेट, बंपरवर अडकवलेला दोरखंड हे सगळं हवेच्या वाटेत असतं. माझ्या बंपरवर दोन पिवळे दिवे होते, बरोबर जाळीच्या मधोमध. दिसायला झकास. काढून टाकले.

फॅन फिरतो, पण ओढतो का?

गोधडी काढल्यावर फरक पडला, पण पूर्ण नाही. मी तोवर तापमानाचं वेगळं मीटर बसवून घेतलं होतं, सेन्सर वरच्या होजपाइपमध्ये. डॅशबोर्डच्या सुईवर माझा विश्वास उरला नव्हता, आणि तुम्हीही फार ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत ती सुई मधल्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेली असते. पाणी 80 अंशांवर असो की 100 वर, ती मधेच. ती हलते तोवर वेळ निघून गेलेली असते. नव्या गाड्यांत स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं छोटं ओबीडी यंत्र मिळतं, ते मोबाइलवर खरा आकडा दाखवतं. सुईपेक्षा ते हजारपट बरं.

तर माझ्या मीटरवर, डांबरावर 90-92 आणि पांदणीत 104. साफसफाईनंतर पांदणीत 100. अजूनही जास्तच.

माझ्या जीपला पट्ट्यावर चालणारा क्लच फॅन आहे. त्याच्या मधल्या डबीत सिलिकॉनचं जाड तेल असतं. समोरून येणारी हवा गरम झाली की डबीवरची धातूची पट्टी वाकते, तेल आत सोडते आणि फॅन इंजिनाबरोबर घट्ट फिरायला लागतो. तेल वर्षानुवर्षं झिरपून गेलं की फॅन फिरताना दिसतो, पण नुसता लोळतो, हवा ओढत नाही. ओळखायची सोपी रीत अशी: गाडी चांगली गरम झाल्यावर इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला, आणि फॅनला हातानं गिरकी द्या. चांगला फॅन जड लागतो, अर्ध्या-पाऊण फेरीत थांबतो. माझा सायकलच्या चाकासारखा चार फेऱ्या फिरला. डबीभोवती तेलकट धुळीचं वर्तुळही होतं, ते मी वर्षभर बघत होतो आणि ऑइल गळती समजत होतो.

विजेवरच्या फॅनवाल्यांसाठी तपासणी वेगळी. उभ्या गाडीत एसी लावा, फॅन लगेच सुरू व्हायला हवा. मग वर्तमानपत्राचं एक पान समोरच्या जाळीवर धरा. पान आपसूक चिकटून राहिलं पाहिजे. गळून पडलं तर मोटर थकली आहे, नाहीतर मागच्या कामात कुणीतरी तारा उलट्या जोडल्यात आणि फॅन हवा बाहेर फेकतोय. हसू नका, हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. हात मात्र लांब ठेवा, विजेचा फॅन इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो.

आणि कव्हर. फॅनभोवती प्लॅस्टिकचं जे गोल कव्हर असतं ते नुसतं संरक्षणासाठी नाही. ते नसलं तर फॅन जाळीतून हवा ओढायच्या ऐवजी बाजूबाजूची, इंजिनाचीच गरम हवा घुसळत बसतो. वॉटर पंप बदलताना माझ्या कव्हरचा खालचा अर्धा भाग काढला होता आणि परत बसवलाच नव्हता. बहुधा "काही फरक पडत नाही" या कारणानं. जुन्या बाजारातून कव्हर आणलं, क्लच नवा टाकला. पांदणीत मीटर 94.

आता पाणी, आणि खारपाण

घाटातला आजार मात्र तसाच होता. घटांगवरून वर चढताना हवा भरपूर, फॅन नवा, तरी 103-104. चाचांनी विचारलं, "पानी कोनतं टाकता?"

घरच्या बोअरचं. दुसरं कोणतं टाकणार?

आमचं गाव खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेली ही पट्टी, इथलं जमिनीतलं पाणी खारं. त्या पाण्यानं डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, घागरीच्या बुडाशी पांढरा थर बसतो. तेच पाणी मी दीड वर्ष दर आठवड्याला लिटर-लिटर करून रेडिएटरमध्ये ओतत होतो. घागरीत बसतो तो थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये आणि इंजिनाच्या पोटातही बसतो, आणि पाण्यातला क्षार ॲल्युमिनियम खातो. झाकण उघडून टॉर्च मारला तर नळ्यांची तोंडं चुन्यानं माखलेली. काही तर पार बुजलेली.

म्हणजे हवा अडल्यामुळं गाडी तापायची, तापल्यामुळं पाणी उडायचं, पाणी उडाल्यामुळं मी खारं पाणी टाकायचो, आणि त्यानं दुसरा आजार तयार केला. चाचांचं "दोन आजार" हे असं होतं.

रेडिएटर बदलावा लागला. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला टाकी उघडून नळ्यांत सळई फिरवता यायची. आताच्या ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकच्याला ते होत नाही. इंजिनातला गाळ मिस्त्रीनं फ्लशिंगचं औषध टाकून, पाणी सोडून-भरून चार वेळा काढला. शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बॅटरीचं पाणी म्हणून पाच लिटरच्या डब्यात मिळतं तेच. दोन पैसे जास्त जातात, पण नव्या रेडिएटरपुढं ते काहीच नाहीत.

कूलंट नुसतं घट्ट ओतलं तर जास्त गार राहील असा एक समज आहे. उलटं आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस. कूलंट गंज रोखतं आणि उकळण्याचं तापमान वाढवतं. म्हणून निम्मं-निम्मं, नाहीतर गाडीच्या पुस्तकात लिहिलं असेल तसं. हिरवं, लाल, नारिंगी यात रंगावर जाऊ नका, रंग कंपनीच्या मर्जीवर असतो. प्रकार कोणता ते पुस्तकात बघा आणि दोन प्रकार एकत्र करू नका. काही जोड्यांचा आत चिकट गाळ होतो.

झाकणाकडंही कुणी बघत नाही. त्यावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तेवढा दाब ते धरून ठेवतं. साधं पाणी शंभर अंशांना उकळतं, पण एक बारच्या आसपास दाब असेल तर 120 पर्यंत उकळत नाही, आणि निम्मं-निम्मं कूलंट असेल तर 125 च्याही पुढं. झाकणाचं रबर चिरलं की हा सगळा हिशोब संपला. सुई मध्ये असतानाच टाकीतून पाणी उसळून बाहेर येतं. गाडी गार झाल्यावर वरचा होजपाइप आत चेपलेला दिसला तर झाकणातला दुसरा, हवा परत आत घेणारा व्हॉल्व्ह अडकलाय. दोनतीनशे रुपयांची वस्तू आहे, दुरुस्त करत बसू नका, बदला. फक्त आकडा तोच घ्या. जास्त आकड्याचं लावलं तर जुने होजपाइप फुटतात.

तिसऱ्या मिस्त्रीनं काढलेल्या थर्मोस्टॅटचं राहिलं. "आपल्याकडं ऊन इतकं, त्याची गरजच काय" हे वाक्य विदर्भातल्या अर्ध्या गॅरेजांत ऐकू येतं. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो. तो काढला तर थंडीत गाडी तासभर गार राहते, डिझेल जास्त पिते, आणि बऱ्याच इंजिनांत त्याच थर्मोस्टॅटची मागची चकती बायपासची वाट बंद करत असते. तो नसला की काही पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात परत फिरतं. गाडी गार राहावी म्हणून काढलेली वस्तू चढाला गाडी तापवते. नवा घ्या, बसवायच्या आधी घरी पातेल्यात पाणी उकळून त्यात टाका, उघडतो का ते डोळ्यांनी पाहा. घरातलं जुनं पातेलं घ्या, एवढं सांगून ठेवतो.

कूलंट भरल्यावर आत हवा राहिली तरी गाडी तापते. तोंड चढावर करून गाडी लावा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू करा, बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरत राहा. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सोडून धार सलग झाली की बंद करा.

आता घाटात 96.

वावरात चालवताना

गाडी ठणठणीत असली तरी मेच्या दुपारी तिला मर्यादा आहेत. पाणी 95 अंश आणि बाहेरची हवा 30 असेल तर मधला फरक 65. बाहेर 45 असेल तर फरक 50 वर येतो. रेडिएटर तोच, फॅन तोच, पण काम जवळपास पाव हिस्सा कमी. म्हणून अवघड पांदणीचं काम मी सकाळी दहाच्या आत उरकतो. कास्तकारही तेव्हाच वावरात असतो.

फोर बाय फोरवाले एक चूक सर्रास करतात: लो रेंज, म्हणजे हळू पण जोरकस चालायचे जादा गिअर, चिखलात रुतल्यावरच लावायची. खरं तर हळू आणि जड चालायचं असेल तिथं ती आधीच लावा. त्याच वेगाला इंजिनाचे फेरे जास्त होतात, म्हणजे पट्ट्यावरचा फॅन आणि वॉटर पंप दोन्ही जोरात फिरतात, आणि इंजिन हुंदके देत नाही. हाय रेंजच्या पहिल्यात घुसमटत चालवण्यापेक्षा लो रेंजच्या दुसऱ्या-तिसऱ्यात सुमारे दोन हजार फेऱ्यांवर चालवा. नदीच्या पात्रातल्या रेतीत टायरची हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवली तर गाडी रेतीवर तरंगते, ओझं कमी होतं, सुईही खाली येते. डांबरावर चढण्याआधी हवा परत भरायची, हे विसरायचं नाही. ऑटोमॅटिक गाडीत चिखलात चाक फिरवत राहिलात तर आधी गिअरचं ऑइल तापतं, आणि बऱ्याच गाड्यांत ते त्याच रेडिएटरमधून गार होतं. थोडं मागं घ्या, थांबा, पुन्हा प्रयत्न करा.

वाऱ्याचं म्हणालो होतो. उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेची गरम झळ सुटते. तुम्ही दहाच्या वेगानं पूर्वेला जाताय आणि वारा पाठीमागून दहाचा, तर जाळीसाठी गाडी उभीच आहे. एकाच पांदणीत जाताना तापते, येताना नाही, असं माझ्या कागदावर दोनदा लिहिलेलं निघालं. थांबायचं असेल तेव्हा गाडीचं तोंड वाऱ्याकडं करा. आणि वाळक्या गवतावर थांबू नका, खालचा सायलेन्सर गवत पेटवायला पुरेसा गरम असतो.

बीएस सहा, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, डिझेलवाल्यांसाठी एक: सुई मध्ये, पण फॅन पिसाळल्यासारखा फिरतोय आणि जळका वास येतोय, तर घाबरू नका. सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतोय. ते पूर्ण होऊ द्या, फक्त गवतात नको.

नाला ओलांडताना, पाणी फॅनपर्यंत येणार असेल तर हळू जा. वेगात घुसलात तर फॅनची पाती पाण्यानं पुढं वाकून रेडिएटरला भोक पाडतात. तापलेली गाडी लगेच पाण्यात घालू नका, पाच मिनिटं काठावर थांबा.

सुई चढलीच तर

आधी एसी बंद. माझ्या मीटरवर एवढ्यानंच चार-पाच अंश उतरतात. मग काचा खाली, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. 44 अंशांच्या उन्हात हीटर लावायचा म्हणजे काय होतं ते विचारू नका. आमच्या घरच्यांनी एकदा सहन केलं, दुसऱ्या वेळी उतरून वावरापर्यंत चालत गेल्या.

वाफ नसेल आणि पाणी आहे याची खात्री असेल तर इंजिन लगेच बंद करू नका. न्यूट्रलमध्ये हजार-दीड हजार फेऱ्यांवर ठेवा, पंप आणि फॅन काम करत राहतात, दोन-तीन मिनिटांत आकडा उतरायला लागतो. वाफ दिसली, सुई लालमध्ये गेली किंवा खाली धार लागली, तर मात्र तिथल्या तिथं बंद. आणि एक फसवा प्रकार: चढलेली सुई अचानक धपकन खाली आली तर खूश होऊ नका. पाणी संपलंय, सेन्सर कोरडा पडलाय, त्याला मोजायला काही उरलं नाही. लगेच बंद करा.

बॉनेट उघडा आणि अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. घाईत झाकण काढून हाताची आणि चेहऱ्याची कातडी सोललेली माणसं मी पाहिलीत. वरचा होजपाइप दाबून बघा, टणक असेल तर दाब अजून आत आहे. नरम झाला की दुपट्टा चार पदरी करून झाकणावर टाका, तोंड बाजूला, पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग काढा. इंजिनावर वरून पाणी ओतू नका, तापलेलं हेड तडकतं. आत पाणी टाकायचं तेही इंजिन कोमट झाल्यावर, चालू ठेवून, थोडं थोडं. डिस्टिल्ड नसेल तर पिण्याचं टाका, तेही नसेल तर खारंही चालेल, कोरडं इंजिन चालवण्यापेक्षा कधीही बरं. पण घरी आल्यावर आठवड्याच्या आत ते काढून टाका. आठवडा म्हणजे आठवडा, दीड वर्ष नाही.

गाडीत मी आता दहा लिटर गोडं पाणी, एक लिटर कूलंट, एक जादा झाकण, वरचा होजपाइप, दोन क्लिपा, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आणि फॅनचा पट्टा ठेवतो. ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली तर चिरलेला होजपाइप गावापर्यंत तग धरतो, झाकण एक खाच सैल ठेवायचं म्हणजे दाब चढत नाही. मागच्या महिन्यात सावळीजवळ पट्टा तुटला. जादा पट्टा होता, हात होते, सावलीही होती. पाना मात्र घरी, ठिबकच्या पेटीत राहिला होता. एका संत्रेवाल्याच्या ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये तो मापाचा निघाला. आता दुसरा पाना पट्ट्यालाच तारेनं बांधून ठेवलाय.